पहिल्या शुक्रवारचा आकडा आणि पोरांचा हट्ट

आमच्या घरच्या ग्रुपवर एक जावईबापू आहेत, माझ्या भाचीचे यजमान. माणूस लाख चांगला. पण नवा पिक्चर लागला की शनिवारी सकाळी सात वाजता ते निकाल लावून मोकळे होतात. ‘मामा, पहिल्या दिवसाचं कलेक्शन बघितलंत का? पडला.’ जावयाला काय बोलणार? मी एक स्मायली टाकतो आणि चहा गाळायला उठतो.

मोठ्या हिरोच्या पिक्चरला हा निकाल बऱ्यापैकी लागू पडतो. पहिल्याच शोला शिट्ट्या मारायला जाणारा प्रेक्षक शुक्रवारी रजा टाकून जातो, त्यामुळे शुक्रवार रिकामा गेला तर पुढे काय होणार ते दिसतंच. पण सहकुटुंब बघायच्या ॲनिमेशनपटाला हीच फूटपट्टी लावली की माझं डोकं फिरतं. त्याचं खरं गिऱ्हाईक शुक्रवारी दुपारी दोन वाजता वर्गात बसून पाढे म्हणत असतं.

आधी बारीकसारीक उरकून घेतो. ग्रॉस म्हणजे तिकिटापोटी प्रेक्षकाच्या खिशातून गेलेली सगळी रक्कम, नेट म्हणजे त्यातून जीएसटी वजा जाता उरलेली. त्यातूनही थिएटरवाला आपला वाटा काढून घेतो, ढोबळमानाने निम्म्याच्या आसपास. म्हणून ‘वीस कोटींत बनला, चाळीस कोटी आले, वीस कोटी सुटले’ हा हिशेब शाळेतल्या नफा-तोट्याच्या धड्यापुरताच ठीक. जाहिरातीचा खर्च निराळा, अमेरिकेतला गल्ला निराळा, जगभरातला निराळा. समीक्षकांचे तारे आणि प्रेक्षकांची आवड यांचाही फार संबंध नाही. ‘सुपर मारिओ’ला समीक्षकांनी नाकं मुरडली आणि पिक्चरने जगभरातून १३० कोटी डॉलरच्या वर नेले. हे सगळं बहुतेकांना ठाऊक असतं. आणि जाता जाता एक विनंती: प्रत्येक ॲनिमेशनपटाला ‘कार्टून’ म्हणू नका. म्हणायचंच असेल तर निदान माझ्यासमोर नको.

खरा घोळ याच्या पुढचा आहे. ‘चालला’ आणि ‘आवडला’ हे वेगळं, असं तोंडाने सगळेच म्हणतात. पण ‘आवडला की नाही’ हे ठरवायची वेळ आली की हात जातो तो ओपनिंगच्या, म्हणजे पहिल्या तीन दिवसांच्या आकड्याकडेच. तीन दिवसांत गर्दी झाली म्हणजे आवडला, नाही झाली म्हणजे नावडला.

अहो, पण ओपनिंगचा गल्ला जमतो तेव्हा पिक्चर कुणी पाहिलेला कुठे असतो? तो आकडा असतो पोस्टरचा, ट्रेलरचा, आधीच्या भागाच्या पुण्याईचा आणि कॅलेंडरचा. फार तर रविवारच्या गल्ल्यात शनिवारी बघून आलेल्यांचं बोलणं थोडंफार मिसळलेलं असतं. बाकी सगळा आईबापांचा अंदाज. चौघांची तिकिटं, मध्यंतरातले पॉपकॉर्न, पार्किंग, येताना पोरांना भूक लागली तर डोसा, असे दीड-दोन हजार कुठे घालवायचे याचा तो निर्णय. पोरांनी अजून काहीच बघितलेलं नसतं. पोरांचं मत गल्ल्यात पडतं ते दुसऱ्या शनिवारपासून. तेव्हा शाळेच्या व्हॅनमध्ये बोलणं झालेलं असतं, सोसायटीच्या जिन्यात कुणीतरी त्यातल्या खलनायकासारखं हसत असतं आणि घरात हट्ट सुरू झालेला असतो.

नाटकवाल्यांना हे समजावून सांगावं लागत नाही. शुभारंभाचा प्रयोग नटाच्या नावावर हाऊसफुल्ल होतो, कधी अर्धं नाट्यगृह पासवर आलेल्यांनी भरतं. त्यावरून नाटक चाललं असं कुणी म्हणत नाही. पंचविसाव्या प्रयोगाला बुकिंगच्या खिडकीवरचा माणूस काय सांगतो, ते नाटकाचं खरं. हाच मराठी माणूस सिनेमाकडे वळला की एवढा उतावळा का होतो, ते मला कळत नाही.

आता एक सोपा भागाकार. पिक्चरची एकूण कमाई भागिले पहिल्या शनिवार-रविवारसह तीन दिवसांची कमाई. याला इंग्रजी धंद्यात मल्टिप्लायर म्हणतात, मी ‘पट’ म्हणतो. दोन पट म्हणजे पहिल्या तीन दिवसांत जेवढं आलं, तेवढंच पुढच्या सगळ्या दिवसांत मिळून आलं. थोडक्यात, ज्यांना जायचं होतं ते जाऊन आले आणि कुणाला काही सांगितलं नाही. चार-पाच पट म्हणजे बघून आलेल्यांनी दुसऱ्यांना पाठवलं, किंवा स्वतःच परत गेले.

पिक्सार या अमेरिकन ॲनिमेशन स्टुडिओचे दोन पिक्चर शेजारी ठेवून बघा. दोन्हींचं बजेट साधारण २० कोटी डॉलर, दोन्ही जूनमध्ये लागलेले. २०२२चा ‘लाइटइयर’ आणि २०२३चा ‘एलिमेंटल’. ‘लाइटइयर’च्या पाठीशी ‘टॉय स्टोरी’चं नाव, त्यामुळे अमेरिकेत पहिल्या तीन दिवसांत ५ कोटी डॉलरच्या वर आले. ‘एलिमेंटल’ला ना जुनं नाव, ना ओळखीचं पात्र. २ कोटी ९६ लाख आले आणि पिक्सारचं सगळ्यात वाईट ओपनिंग म्हणून मथळे झाले. त्या सोमवारी जावईबापूंसारख्या समस्त मंडळींनी पिक्सारचं तेरावं घातलं.

मग काय झालं? ‘लाइटइयर’ अमेरिकेत ११ कोटी ८० लाखांच्या आसपास थांबला. म्हणजे सव्वादोन पटीच्या जरा वर. ‘एलिमेंटल’ हळूहळू सरकत १५ कोटी ४० लाखांपर्यंत गेला, पाच पटीच्याही पुढे. जगभरात ‘लाइटइयर’चे साडेबावीस कोटी झाले, ‘एलिमेंटल’चे ४९ कोटींच्या वर. दक्षिण कोरियात तर ७० लाखांहून अधिक तिकिटं गेली. दिग्दर्शक पीटर सोन कोरियन स्थलांतरितांचा मुलगा, आणि गोष्टही परक्या गावात दुकान टाकलेल्या बापाची आणि त्याच्या मुलीची. कोरियन प्रेक्षकाला त्यात आपलं घर दिसलं असावं. गंमत म्हणजे ‘एलिमेंटल’च्याच शुक्रवारी ‘द फ्लॅश’ लागला होता. त्याचं ओपनिंग जवळजवळ दुप्पट, साडेपाच कोटी. पण अमेरिकेत ११ कोटींच्या आतच त्याचा दम संपला. एकाच शुक्रवारी, शेजारच्या पडद्यावर.

म्हणून ओपनिंग बिनकामाचं, असं मात्र नाही. धंद्याच्या दृष्टीने ओपनिंगच रोखीचं. टिकण्यावर भरवसा ठेवून २० कोटी डॉलर लावायला छाती लागते. माझं म्हणणं एवढंच की त्यातून आवडनिवड काढू नका. आणि उलटही नको. पट चांगला म्हणजे पैसा आलाच, असं नाही. १९९९चा ‘द आयर्न जायंट’ घ्या, माझा अत्यंत लाडका. अमेरिकेत पहिल्या तीन दिवसांत ५७ लाख डॉलर, एकूण २ कोटी ३० लाखांच्या आसपास. पडला, सपशेल पडला. पण भागाकार करा: चार पट. जे थोडे लोक गेले त्यांनी पुढच्यांना पाठवलं, फक्त गेलेच थोडे. स्टुडिओने जाहिरात धड केली नव्हती, आणि त्याच शुक्रवारी ‘द सिक्स्थ सेन्स’ लागला होता. आज ‘आयर्न जायंट’ लोक डोळे पुसत बघतात. गल्ल्यात ‘लाइटइयर’च्या पासंगालाही पुरत नाही, आणि पटीत त्याच्या पुढे. हा नमुना ज्याला पटला, त्याला पुढचं काही वाचलं नाही तरी चालेल.

अर्थात पटही डोळे मिटून वापरायची गोष्ट नाही. ‘पुस इन बूट्स’चा दुसरा पिक्चर २०२२च्या नाताळात लागला. पहिल्या तीन दिवसांत १ कोटी २४ लाख, शेवटी साडेअठरा कोटी, म्हणजे पंधरा पट! आवडला होताच. पण त्यातला शनिवार म्हणजे नाताळची आदली संध्याकाळ होती, रविवारी नाताळ, त्यात अमेरिकेत हिमवादळ. घरोघर माणसं चुलीपाशी. ओपनिंग मुळातच दबलेलं, म्हणून पट फुगलेला. उलट २०२१चा ‘एन्कांतो’ नोव्हेंबरच्या शेवटी थिएटरात आला, लहान मुलांची कोविडची लस तिकडे नुकती सुरू झालेली, आणि महिनाभरातच पिक्चर घरच्या टीव्हीवर आला. जगभरात कमाई पंचवीस-सव्वीस कोटी, म्हणजे त्या बजेटला काहीच नाही. पण त्यातलं ब्रुनोमामाचं गाणं अमेरिकेच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत पाच आठवडे पहिलं होतं. पोरं घरी बसून तोच पिक्चर रोज बघत होती आणि एक पैसा तिकीटबारीवर दिसत नव्हता. तिथे भागाकार करून हाती काय लागणार!

आणि ही घरची पारायणं वाया जात नाहीत, त्यांची वसुली पुढच्या भागाच्या ओपनिंगला होते. ‘मोआना’ २०१६चा, मधल्या वर्षांत एक अख्खी पिढी तो टीव्हीवर बघत वाढली. २०२४मध्ये ‘मोआना २’ आला तो अमेरिकेत तीन दिवसांत जवळजवळ १४ कोटी डॉलर घेऊन. पहिल्या भागाचे तीन दिवसांचे होते ५ कोटी ६६ लाख. पण पट बघा: पहिल्याचा सव्वाचारच्या वर, दुसऱ्याचा सव्वातीन. १४ कोटी ही दुसऱ्या भागाची लोकप्रियता नव्हेच. ती पहिल्या भागाची थकबाकी. आठ वर्षांनी जमा झाली आणि खात्यात भलत्याच्या नावावर पडली. सीक्वेलचं ओपनिंग बघून ‘लोकांना काय आवडलं बघा’ म्हणणाऱ्यांचा मला सगळ्यात जास्त राग येतो.

आपल्याकडचं उदाहरण देऊन थांबतो, कारण त्यात जावईबापू आहेत.

२५ जुलै २०२५ला अश्विन कुमार यांचा ‘महावतार नरसिंह’ लागला. पहिल्या दिवसाचं नेट पावणेदोन कोटींच्या आसपास, तेही सगळ्या भाषा मिळून. शनिवारी सकाळी सातला ग्रुपवर: ‘मामा, पावणेदोन. विषय संपला.’ शनिवारी साडेचार कोटींच्या वर गेला. रविवारी साडेनऊच्या घरात. दुसरा आठवडा पहिल्यापेक्षा मोठा निघाला, आणि हे असं फार क्वचित होतं. पुढे देशातलं नेट अडीचशे कोटींच्या आसपास गेलं. त्याआधी कुठल्याही भारतीय ॲनिमेशनपटाने एवढं बघितलं नव्हतं.

आम्ही दुसऱ्या रविवारी गेलो, मी, भाची आणि तिची सहा वर्षांची ओवी. सकाळचा दहाचा शो, हिंदी. तोवर खेळ वाढवले होते तरी तिसऱ्या रांगेतलीच तिकिटं मिळाली. मला विचाराल तर ॲनिमेशन जागोजागी कच्चं आहे, चेहरे थिजल्यासारखे वाटतात आणि मध्ये लांबतंही. पण मी पडदा सोडून आजूबाजूला बघत होतो. आमच्या पलीकडे दोन आजी होत्या, त्यांनी बसल्या बसल्या चपला काढून खुर्चीखाली सरकवल्या. खांबाला तडा जायला लागला तसा आख्ख्या थिएटरातला कागदी पिशव्यांचा आवाज थांबला. ओवी खुर्चीवर उभी राहिली, मागच्यांनी ‘बस’ म्हटलं नाही. आजींचे हात जोडलेले. सुटल्यावर जिन्यात ओवीसारखीच चार पोरं डरकाळ्या फोडत उतरत होती आणि त्यांचे बाप मोबाइलवर काहीतरी टाइप करत होते. दुसऱ्या आठवड्याचा तो मोठा गल्ला कुठून आला, ते मला त्या जिन्यात दिसलं.

त्या रात्री जावईबापूंचा फोन आला. ‘मामा, ओवी ऐकत नाही. मी तिला घेऊन परत जातोय. तुम्ही येता का?’ मी म्हटलं, तुमचा विषय तर संपला होता. ते मोकळेपणी हसले, मग मी त्यांना भागाकार सांगितला.

तेव्हापासून नवी कटकट. मागच्या महिन्यात मुलांचा एक पिक्चर लागला, त्या शुक्रवारी रात्री साडेअकराला मेसेज: ‘मामा, ह्याचा पट साडेपाच येणार, लिहून ठेवा.’

अहो जावईबापू, अजून पहिला शनिवार उजाडायचाय.