चालताना नेमबाजी: बोट ट्रिगरच्या बाहेर ठेवा असं आम्ही सारखं का ओरडतो

मूव्हिंग बॅचला, म्हणजे चालत-पळत पिस्तूल चालवायच्या वर्गाला, येणारे बहुतेकजण पहिल्याच दिवशी एकच विचारतात, की आमचा उभ्याने नेम चांगला लागतो, मग तुम्ही आधी रिकाम्या पिस्तुलावर नुसतं चालायला का लावता, सरळ राउंड द्या ना. दरवेळी लेनवर उभं राहून तेच समजावण्यात बाकीच्यांचा वेळ जातो म्हणून हे लिहून ठेवतोय, येण्याआधी एकदा वाचा.

उभ्याने शूट करणारी मंडळी एका जागेवरून दुसऱ्या जागेवर जाताना बोट ट्रिगरवर तसंच ठेवतात. मुद्दाम नाही करत कोणी, सवयच तशी लागलेली असते. पण असं दिसलं की रेंज ऑफिसर, म्हणजे लेनवर सुरक्षेकडे लक्ष ठेवणारा माणूस, "थांबा" म्हणणारच. मग मॅगझिन काढा, चेंबर रिकामं दाखवा, पिस्तूल होल्स्टरमध्ये, परत सुरुवातीच्या जागी, आणि मागची सगळी बॅच ताटकळत. एका सेशनमध्ये हे चार लोकांचं झालं तर अर्धा वेळ त्यातच गेला समजा.

कारण साधं आहे. पाय अडखळला, तोल गेला किंवा अचानक दचकलात की हाताची मूठ आपोआप आवळली जाते, डोक्याला विचारून आवळत नाही. एका हाताने जोर लावला तर दुसऱ्या हाताची बोटंही थोडी ओढली जातात, आणि पळताना स्लाईड (पिस्तुलाचा वरचा सरकणारा भाग) ओढणं, मॅगझिन काढणं असं काही ना काही चालूच असतं. तेव्हा बोट ट्रिगर गार्डच्या (ट्रिगरभोवतीच्या कड्याच्या) आत असेल तर गोळी कुठे जाईल ते तुमच्या हातात राहत नाही. बोट फ्रेमवर, म्हणजे पिस्तुलाच्या अंगावर, सरळ, उंच, बाजूला उभ्या माणसाला स्पष्ट दिसेल असं ठेवायचं. आयपीएससी (इंटरनॅशनल प्रॅक्टिकल शूटिंग कॉन्फेडरेशन, अशा पळत-चालत नेमबाजीची आंतरराष्ट्रीय संघटना) हिच्या मॅचमध्ये हलताना किंवा रीलोड करताना बोट आत सापडलं तर मॅचमधून बादच करतात, त्यामुळे आम्ही उगाच कडक आहोत असं समजू नका.

यावर हुशार मंडळी विचारतात की चालता चालता गोळी झाडतो तेव्हा बोट आतच असतं ना? बरोबर आहे. साईट (पिस्तुलावरची नेम धरायची खूण) टार्गेटवर आहे आणि तुम्ही खरंच शूट करताय तेव्हा बोट आत, साईट टार्गेटवरून हलली की बोट बाहेर, मग पाय चालू असोत नाहीतर नसोत. "बोट बाहेर काढलं की टाईम वाढतो" हेही खरं नाही. पिस्तूल परत डोळ्यासमोर येतं तेवढ्या वेळात बोट जागेवर पोचलेलं असतं. टाईम जातो तो उशिरा निघण्यात आणि पोचल्यावर पिस्तूल वर उचलण्यात, पोचायच्या एक-दोन पावलं आधीच ते वर असायला हवं. हे शॉट टायमरवर (गोळीच्या आवाजावरून वेळ नोंदवणारं यंत्र) तुमच्याच आकड्यांनी दाखवतो, आमच्या शब्दावर विश्वास ठेवायची गरज नाही.

आता चालण्याबद्दल. गुडघे थोडे वाकवलेले, पावलं छोटी, टाच आधी टेकवून पाऊल हळूच पुढे लोळवायचं, हातात काठोकाठ भरलेला पेला घेऊन चालतो ना तसं. मागे जाताना उलट, बोटं आधी. कडेने जाताना पाय जायच्या दिशेला आणि कमरेपासून वरचं अंग टार्गेटकडे वळवायचं. गुडघे ताठ ठेवले की प्रत्येक पावलाला धक्का बसतो आणि फ्रंट साईट उड्या मारते. नळी एक अंश जरी हलली तरी ५ मीटरवर जवळपास ९ सेंटिमीटरचा फरक पडतो आणि १० मीटरवर साडेसतरा, म्हणून आम्ही ५ मीटरपासून सुरुवात करतो आणि ग्रुप जमल्याशिवाय, म्हणजे गोळ्या जवळजवळ लागायला लागल्याशिवाय, मागे नेत नाही. लांबचं किंवा छोटं टार्गेट असेल तर पळत जा, थांबा आणि मगच शूट करा. मॅचमधला स्कोअर हिट फॅक्टरवर ठरतो, म्हणजे पॉइंट भागिले टाईम, तिथे हुकलेली गोळी वाचवलेल्या सेकंदापेक्षा महाग पडते.

उजव्या हाताने शूट करणाऱ्यांनी एक नीट लक्षात ठेवा. उजवीकडून डावीकडे पळताना मॅगझिन बदललं की नळी आपसूक मागे, लोकांच्या बाजूला वळते. तेव्हा अंग कितीही डावीकडे वळलेलं असो, पिस्तूल बर्मकडेच (टार्गेटमागच्या मातीच्या बांधाकडेच) रोखलेलं ठेवायचं आणि मॅगझिनचा हात तिथे न्यायचा. हे फक्त रिकाम्या पिस्तुलावरच अंगवळणी पडतं, म्हणून तर ड्राय सेशन. त्याचे वेगळे पैसे घेत नाही, ते कोर्सच्या फीमध्येच आहे, आणि डमी राउंड (न उडणारी नकली काडतुसं) आम्ही देतो. घरी सराव करणार असाल तर खरी काडतुसं दुसऱ्या खोलीत बंद ठेवा आणि चेंबर दोनदा तपासा.

बॅच मुद्दाम छोटी ठेवतो, लेनवर एका वेळी एकच शूटर आणि त्याच्या खांद्याशी एक रेंज ऑफिसर, त्यामुळे सुट्टीच्या दिवसांचे स्लॉट लवकर भरतात. मधल्या वारी आलात तर टायमरवर जास्त वेळ मिळतो, आणि मागितलंत तर तुमच्या पावलांचा व्हिडिओही काढून देतो. येताना ग्रिप असलेले बंद बूट, टोपी आणि गळाबंद शर्ट घाला, झाडलेल्या काडतुसाची गरम रिकामी पुंगळी कॉलरमध्ये शिरली की भलेभले हातातलं पिस्तूल विसरून नाचायला लागतात आणि नळी कुठेही फिरते. चष्मा आणि इअरमफ नसेल तर आमच्याकडे मिळतो.