प्रदर्शनासाठी टपाल तिकिटांची पहिली मांडणी

खाजगी संग्रहातली निवडक टपाल तिकिटे व पाकिटे एका सूत्राने पानांवर बसवून प्रदर्शनात परीक्षणासाठी ठेवतात. संग्राहक अशा मांडणीला ‘एक्झिबिट’ म्हणतात. नवशिक्याने एका फ्रेमपासून, म्हणजे पाने लावायच्या एका चौकटीपासून, सुरुवात करावी. फ्रेममध्ये ए-४ आकाराची १६ पाने मावतात, चार ओळींत चार-चार.

अल्बममध्ये मिळेल ते तिकीट आपापल्या जागी बसते. फ्रेममध्ये मात्र प्रत्येक तिकिटाला तिथे असण्याचे कारण लागते. पहिल्या मांडणीत हात अडतो तो इथेच. ‘भारताची तिकिटे’ हा विषय १६ पानांत मावत नाही आणि आवडती तिकिटे बाजूला काढून ठेवणे जिवावर येते. म्हणून विषय लहान घ्यावा, पण तळापर्यंत जावे.

भारतीय संग्राहकाला १५ ऑगस्ट १९४९ रोजी निघालेली पुरातत्त्व मालिका यासाठी फार सोयीची आहे. नाशिकच्या इंडिया सिक्युरिटी प्रेसमध्ये छापलेल्या या मालिकेत ३ पैंपासून १५ रुपयांपर्यंत १६ तिकिटे आहेत: अजिंठ्याचा हत्ती, कोणार्कचा घोडा, त्रिमूर्ती, सांचीचा स्तूप, विजापूरचा गोल घुमट, ताजमहाल, शेवटी शत्रुंजयाचे मंदिर. मात्र १६ तिकिटे म्हणजे १६ पाने असा सरळ हिशेब केला, तर तो अल्बमच राहतो. खरी गंमत पुढे आहे. एक आण्याच्या तिकिटावरची बोधिसत्त्वाची मूर्ती आरशात दिसावी तशी उलटी छापली गेली आणि १९५० मध्ये सुलट करून नवे तिकीट काढावे लागले. ही दोन्ही तिकिटे शेजारी ठेवली, प्रत्येकाचे टपालातून गेलेले एकेक पाकीट जोडले, की पान बोलू लागते. पुढे कोरियात युद्धकैद्यांच्या देखरेखीसाठी गेलेल्या भारतीय संरक्षक दलासाठी १९५३ मध्ये याच मालिकेतल्या तिकिटांवर हिंदी अक्षरे छापण्यात आली. आणखी एक पान त्यांना देता येते. मोठ्या किमतीची तिकिटे सुटी सापडतात, पण पाकिटावर किंवा पार्सलाच्या कागदावर टिकलेली शोधावी लागतात. त्यांचा शोध हाच संग्राहकाचा खरा अभ्यास.

पहिले पान प्रस्तावनेचे असते. विषय काय, तो कुठे सुरू होतो, कुठे संपतो आणि पानांची योजना कशी आहे, हे त्यावर यावे. हे पान आधी लिहून पाहावे. ते जमत नसेल तर विषयच अजून ठरलेला नाही असे समजावे. पुढच्या पानांवर मजकूर दोन-चार ओळींचा पुरे. त्यात चित्रातल्या इमारतीचा इतिहास सांगण्यापेक्षा तिकिटाचे सांगावे: छपाई, कागदावरचे जलचिन्ह, दातेरी कडा, टपालाचा दर, शिक्क्याचे गाव व तारीख. (विषयानुसारी म्हणजे ‘थीमॅटिक’ गटात, उदाहरणार्थ पक्षी किंवा रेल्वे, चित्राच्या विषयालाही तितकेच महत्त्व असते.)

स्पर्धेच्या पारंपरिक गटात, म्हणजे तिकिटांच्याच अभ्यासावर बेतलेल्या मांडण्यांत, १०० पैकी ३० गुण मांडणी व विषयाच्या महत्त्वाला, ३५ ज्ञान व संशोधनाला, ३० स्थिती व दुर्मीळतेला आणि अवघे ५ सजावटीला मिळतात. तरीही नवशिक्या रंगीत कागद, नक्षीदार चौकटी आणि वळणदार शीर्षकांवर रात्री जागवतो. पांढरा किंवा फिकट, आम्लरहित जाड कागद व साधी अक्षरे पुरतात. त्यापेक्षा तिकिटांकडे पाहावे. फाटका दात, पातळ झालेला कागद, कोकण-मुंबईच्या दमट हवेने पडलेले तपकिरी डाग परीक्षकाच्या नजरेतून सुटत नाहीत. डागाळलेल्या प्रतीपेक्षा त्याच तिकिटाची साधी पण स्वच्छ प्रत बरी. न वापरलेल्या, मूळ गोंद शाबूत असलेल्या तिकिटाला हिंज (मागे लावायची गोंदाची छोटी कागदी पट्टी) लावू नये. पारदर्शक माउंट, म्हणजे तिकीट सरकवून ठेवायचा खिसा, वापरावा. पाकिटे पानावर लावलेल्या तयार कोपऱ्यांत अडकवावीत, चिकटवू नयेत.

महाराष्ट्रात जिल्हा पातळीवरून ‘महापेक्स’ या राज्य प्रदर्शनाकडे आणि तिथून ‘इनपेक्स’सारख्या राष्ट्रीय प्रदर्शनाकडे वाट जाते. पाने सुटी, पारदर्शक आवरणात आणि मागे क्रमांक घालून द्यावीत. प्रदर्शनात परीक्षक भेटले तर फ्रेमसमोर उभे राहून त्यांचे ऐकावे. पाने सुटी असल्यामुळे घरी येऊन त्यांतली दोन-तीन बदलता येतात, आणि तोच विषय पुढच्या प्रदर्शनात पुन्हा ठेवता येतो.