कुत्रा पाण्यात, माणूस काठावर

मागच्या पावसाळ्याच्या अखेरीस नागपूरच्या अंबाझरी तलावाच्या मागच्या बाजूला आमचा कुत्रा शेरू एका टिटवीच्या मागे धावत थेट पाण्यात शिरला आणि काठापासून वीस-पंचवीस हातांवर, जलपर्णीच्या पट्ट्याजवळ, गोल गोल फिरू लागला. मी बूट काढून उतरणार, इतक्यात जाळे आवरत बसलेल्या एका वयस्क ढीवराने मला थांबवले. “थांबा न भाऊ, तो येते बरोबर. तिकडे उतार हाये, तिथून आवाज द्या त्याले.” मी जिथे पाऊल टाकणार होतो तिथे त्याने हातातला बांबू टेकवला, तो जोर न लावता हातभर गाळात गेला. उताराच्या बाजूने हाका मारल्यावर शेरू वळला आणि दोन-तीन मिनिटांत बाहेर आला. त्या बांबूला लागलेला काळा, चिकट गाळ मात्र माझ्या डोळ्यांसमोरून अजून हललेला नाही. अशा गाळात रुतलेला पाय वर ओढताना तळव्याखाली पोकळी होऊ पाहते, ती भरायला पाणी वेळेवर पोहोचत नाही आणि बाहेरचा दाब पायाला खालीच धरून ठेवतो. एक पाय सोडवण्यासाठी दुसऱ्यावर भार द्यावा, तर तोही आत जातो.

कुत्रा पाण्यात पडला की धन्याचे पहिले पाऊल पाण्याकडेच पडते, आणि त्यामागची माया मला पूर्ण मान्य आहे. पण पाण्यात कुत्र्याची आणि माणसाची स्थिती सारखी नसते. कुत्र्याचे शरीर पाण्यात आडवे राहते, चारही पाय खाली वल्ह्यासारखे चालतात आणि नाक सहज पृष्ठभागावर राहते. घाबरलेला माणूस मात्र पाण्यात उभा होतो, आणि तोंड पाण्यावर ठेवण्यासाठी हात खाली दाबण्यातच त्याची शक्ती संपते. बुडणारा माणूस बहुतेक वेळा ओरडतही नाही, कारण श्वास घ्यायलाच उसंत नसते. ही धडपड पृष्ठभागावर साधारण २० ते ६० सेकंदच चालते. काठावरच्यांना वाटते, तो कुत्र्यापर्यंत पोहोचला, आता आणेलच. जगात २०२१ या एका वर्षात सुमारे ३ लाख माणसे बुडून मेल्याचा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे, आणि दुसऱ्याला वाचवायला उतरलेला स्वतःच बुडाला, हा बुडण्याच्या घटनांमधला जगभर नोंदला गेलेला प्रकार आहे.

वाहत्या पाण्याचा हिशेब याहून कठोर आहे. पाण्याची घनता हवेच्या सुमारे ८०० पट असते आणि प्रवाहाचा रेटा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. मांडीभर पाण्यात उभ्या असलेल्या माणसाच्या दोन्ही पायांवर, सेकंदाला १ मीटर वेगाच्या म्हणजे रमतगमत चालण्याच्या गतीच्या प्रवाहात, ढोबळमानाने १० किलो वजनाइतका रेटा बसतो. वेग दुप्पट झाला की तो ४० किलोंवर जातो, तिप्पट झाला की ९० किलोंवर. त्याच वेळी पाणी शरीराला वर उचलत असते. कमरेइतक्या पाण्यात तळव्यांवरचा भार जवळपास निम्मा होतो, म्हणजे पाय रोवून धरणारे घर्षणही निम्मे होते. रेटा वाढतो आणि पकड सुटते, दोन्ही एकाच पावलात. पोहून जाईन म्हणावे, तर १०० मीटरच्या शर्यतीत जगातले सर्वांत वेगवान जलतरणपटूही सेकंदाला जेमतेम २ मीटर गती गाठतात. कपडे घातलेला, घाबरलेला गृहस्थ त्याच्या निम्म्यानेही जात नाही.

२३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे नागपुरात काही तासांत १०० मिलिमीटरहून अधिक पाऊस कोसळला, अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीकाठच्या वस्त्यांमध्ये लोक झोपेत असताना पाणी घरात शिरले. अशा वेळी तळमजल्यावर साखळीला बांधलेला कुत्रा सर्वांत असहाय असतो, कारण त्याची पोहण्याची क्षमता साखळीनेच काढून घेतलेली असते. पाऊस रात्री थांबत नसेल तर त्याला मोकळे सोडून वरच्या मजल्यावर न्यावे. ही बचावाची सर्वांत सोपी वेळ आहे. पाणी आल्यावर गढूळपणामुळे उघडे गटार दिसत नाही, आणि नाग नदीच्या भिंतींना चढून येण्याजोगा उतार क्वचितच मिळतो.

शहराबाहेर पेंचचे कालवे मला नदीपेक्षाही धोक्याचे वाटतात. वरून पाणी संथ दिसते, पण सिमेंटच्या तिरप्या भिंतींवर शेवाळ असते. कुत्र्याची नखे त्यावर घसरतात आणि माणसाची बोटेही. एकदा आत गेलेल्या दोघांनाही पायऱ्या किंवा पूल येईपर्यंत बाहेर पडायला जागा नसते. बंधाऱ्याखाली तर मुळीच उतरू नये. वरून पडणारे पाणी पायथ्याशी उलटे फिरून तरंगती वस्तू पुन्हा धारेखाली ओढते, आणि तिथल्या फेसाळ पाण्यात हवा मिसळलेली असल्यामुळे ते शरीराला नीट तोलूनही धरत नाही.

आणि विहीर. ९ एप्रिल २०२४ रोजी अहमदनगर जिल्ह्यातल्या, म्हणजे आताच्या अहिल्यानगरच्या, नेवासे तालुक्यात वाकडी गावी मांजराला वाचवण्यासाठी एका पडक्या विहिरीत एकामागून एक सहा जण उतरले. विहिरीत बायोगॅसची मळी साठवली जात होती. पाच जण दगावले. कमरेला दोर बांधून उतरलेला सहावा ओढून काढल्यामुळे वाचला. कुजणाऱ्या शेणकचऱ्यातून निघणारे कार्बन डायऑक्साइड आणि हायड्रोजन सल्फाइड हे दोन्ही वायू हवेपेक्षा जड असल्याने तळाशी साचतात. हायड्रोजन सल्फाइडला सडक्या अंड्यांचा वास येतो, पण त्याचे प्रमाण वाढले की तो वास घेण्याची शक्तीच बधिर करतो, त्यामुळे वास गेला म्हणजे धोका गेला असे समजणारा फसतो. कंदील खाली सोडून पाहण्याची जुनी रीत प्राणवायूची कमतरता दाखवते, हायड्रोजन सल्फाइड दाखवत नाही. आणि मिथेन साचलेला असेल तर ती ज्योत स्वतःच स्फोटाला कारण ठरते. विदर्भात कठडा नसलेल्या आणि कचरा टाकून बुजत आलेल्या विहिरी पुष्कळ आहेत. त्यांत कुत्रा पडला तर वरून टोपली किंवा क्रेट सोडावा, १०१ किंवा ११२ वर फोन करावा, आणि आत कोणीही उतरू नये.

वाहत्या पाण्यात कुत्रा सापडला असेल, तर काठाने प्रवाहाच्या दिशेने पुढे जावे आणि जिथे उतार आहे तिथून हाक मारावी. त्याच्या बरोबर समोर उभे राहून बोलावले, तर तो प्रवाहाविरुद्ध पोहत राहतो आणि दमतो. मागचे धड खाली जाऊन तो पुढचे पंजे पाण्यावर आपटू लागला, तर तो थकला आहे असे ओळखावे. पग, बुलडॉग यांसारख्या चपट्या तोंडाच्या जातींना नाक वर ठेवण्यासाठी मान उंच करावी लागते, त्याने मागचा भाग बुडतो, आणि ते लवकर थकतात. माणूस फेकलेला दोर धरतो, कुत्रा बहुधा धरत नाही. म्हणून पाण्याकाठी नेताना गळपट्ट्याऐवजी छातीचा पट्टा घालावा, म्हणजे लांब काठीच्या आकड्याने तो अडकवून ओढता येतो. नायलॉनचा दोर पाण्यात बुडतो, पॉलिप्रॉपिलीनचा तरंगतो. दोराचा किंवा साखळीचा वेढा मनगटाला कधीच घेऊ नये. प्रवाहाने कुत्र्याला ओढले तर तो वेढा सोडवायला वेळ मिळत नाही. कुत्रा हाताशी आला, तरी आपण पोटावर पालथे झोपून त्याला ओढावे. घाबरलेला २५-३० किलोंचा लॅब्राडोर जवळच्या उंच आधारावर चढू पाहतो, आणि पाण्यात तो आधार आपलेच डोके असते.

बाहेर आलेला कुत्रा अंग झाडून शेपटी हलवू लागला, तरी पुढचा एक दिवस त्याच्याकडे लक्ष ठेवावे. फुप्फुसात गेलेल्या पाण्याचा परिणाम काही तासांनीही दिसू शकतो. खोकला, झोपेतही भराभर चालणारा श्वास, खाण्यावरून उडालेले मन यांपैकी काही दिसले, किंवा ओठ उचलून पाहिल्यावर हिरड्या गुलाबीऐवजी फिकट वा निळसर दिसल्या, तर सकाळची वाट न पाहता पशुवैद्याकडे न्यावे.