रक्ताची उलटी, पण यकृत ठणठणीत

रक्ताची उलटी झालेला रुग्ण आला की नातेवाइकांना पहिला प्रश्न ठरलेला: 'पितात का?' प्रश्न वावगा नाही. दारूने किंवा जुन्या काविळीच्या विषाणूंनी यकृत निबर झालं की आतडी आणि प्लीहेकडून येणारं रक्त यकृतात नेणाऱ्या पोर्टल शिरेत तुंबतं. मग ते आडवाटा शोधतं आणि अन्ननलिकेच्या खालच्या टोकाच्या शिरा फुगतात. यकृतातून जाताना शिरांच्या दाबात पडणारा फरक एरवी ५ मिलिमीटर पाऱ्यापर्यंत असतो. तो १२ च्या वर गेला की या शिरा फुटण्याची धास्ती.

पण तुंबारा यकृतातच हवा असं थोडंच आहे? लहान मुलांत पुष्कळदा पोर्टल शीरच गुठळीने बंद झालेली असते. यकृत शाबूत असल्याने ती मुलं मोठ्या रक्तस्रावातूनही बहुधा सावरतात.

प्लीहेच्या शिरेची गोष्ट आणखी निराळी. ती स्वादुपिंडाच्या पाठीला लागून जाते. स्वादुपिंड वारंवार सुजलं की तिच्यात गुठळी होते आणि एकट्या प्लीहेचं रक्त जठराच्या वरच्या घुमटातल्या शिरांत शिरतं. दुर्बिणीतून पाहावं तर अन्ननलिका बहुधा साफ, घुमटात मात्र शिरांचा घोस. यकृताच्या तपासण्या नॉर्मल. (दारू इथेही सुटत नाही म्हणा, स्वादुपिंडाच्या सुजेमागे अनेकदा तीच असते.) अशा रुग्णाची प्लीहा काढली की घोसाकडे येणारं जादा रक्तच थांबतं. सिरॉसिसमध्ये, म्हणजे यकृत निबर झालेलं असताना, इतकं सरळ उत्तर क्वचितच मिळतं.

सगळ्यात चक्रावणारा प्रकार फेल्सन आणि लेश्यूर या डॉक्टरांनी १९६४ साली मांडला. डोकं, मान, हातांचं रक्त हृदयात आणणारी वरची महाशीर छातीतल्या गाठीने दाबली गेली, किंवा डायलिसिससाठी मानेतून घातलेल्या नळीमुळे आक्रसली, तर रक्त अन्ननलिकेच्या शिरांतून वरून खाली उतरतं. त्यामुळे फुगवटे वरच्या भागात दिसतात; अडथळा फार खाली असेल तर पूर्ण लांबीवर. चेहरा आणि मान सुजलेली असेल तर संशय बळावतो. पोर्टल दाब उतरवणाऱ्या नेहमीच्या गोळ्यांचा इथे उपयोग नाही, कारण तो दाब वाढलेलाच नसतो. कॉन्ट्रास्ट देऊन छातीचा सीटी स्कॅन करायचा, महाशीर कुठे बुजली ते पाहायचं आणि जमल्यास तिथे स्टेंट घालून ती मोकळी करायची.