सात चर्चची यात्रा (रोम)

रोममधील सात प्राचीन चर्च ठरलेल्या क्रमाने, शक्यतो पायी, एक-दोन दिवसांत करण्याची कॅथलिक प्रथा. इटालियनमध्ये तिला ‘जीरो देल्ले सेत्ते क्येसे’, म्हणजे सात चर्चचा फेरा, असे म्हणतात. सगळी वाट सुमारे २० ते २५ किलोमीटरची आहे. क्रम असा: सान पिएत्रो (संत पीटर), सान पाओलो फुओरी ले मुरा (वेशीबाहेरचे संत पॉल), सान सेबास्तियानो, सान जोव्हान्नी इन लातेरानो, सान्ता क्रोचे इन जेरुसलेम्मे, सान लोरेन्झो फुओरी ले मुरा आणि सान्ता मारिया माज्जोरे. बस-मेट्रोने ही सातही चर्च पाहता येतात, पण मग ती यात्रा उरत नाही. पंढरपूरला एसटीनेही जाता येते, तरी वारी म्हणजे चालणेच. इथेही दोन चर्चमधल्या वाटेला चर्चइतकेच मोल आहे.

इतिहास

रोमला येणारे यात्रेकरू मध्ययुगापासून ही चर्च करीत. १३०० साली पोप आठवे बॉनिफेस यांनी पहिले जुबिली वर्ष, म्हणजे पापक्षमेचे खास यात्रावर्ष, जाहीर केल्यावर त्यांचा ओघ खूपच वाढला. मात्र आज आपण पाहतो त्या यात्रेला घडण दिली संत फिलिप्पो नेरी यांनी. जन्म फ्लॉरेन्सचा, १५१५ सालचा. तरुणपणी ते रोमला आले आणि अखेरपर्यंत तिथेच राहिले. रात्री एकटेच शहराबाहेर पडून सान सेबास्तियानोच्या भुयारी दफनभूमीत प्रार्थना करीत बसायचे, ही त्यांची सवय. १५५२ च्या सुमारास ते या वाटेवर चार माणसे सोबत घेऊ लागले. पुढे माणसे वाढत गेली.

नेरींनी दिवस निवडला तो राखेच्या बुधवाराआधीच्या, म्हणजे ईस्टरपूर्व उपवासकाळ सुरू होण्याआधीच्या, कार्निव्हलमधला. शहरात मुखवटे, शर्यती आणि दारू यांचा धुमाकूळ चालू असायचा. त्या गर्दीला त्यांनी उपदेश केला नाही, दुसरा आनंद दिला. लोक गात चालायचे. वाटेत चेलिओ टेकडीवर मात्तेई घराण्याच्या मळ्यात पंगत बसायची. पाव, चीज, अंडे, सलामी, फळे आणि वाइन असा बेत असे. ती जागा आता व्हिल्ला चेलिमोन्ताना या नावाची सार्वजनिक बाग आहे. भक्तीत हसणे-गाणे-जेवणे बसते, हे नेरींना नीट कळले होते आणि प्रथा टिकण्याचे खरे कारण मला तेच वाटते. (त्यांच्या ‘ओरातोरिओ’ या प्रार्थनामंडळातल्या गाण्यांवरूनच पाश्चात्त्य संगीतातल्या ‘ओरातोरिओ’ प्रकाराला नाव मिळाले.)

पोप पाचवे सिक्स्टस (कारकीर्द १५८५–९०) यांनी मोठ्या चर्चना जोडणारे सरळ रस्ते काढले आणि यात्रेकरूंना लांबून खूण दिसावी म्हणून चौकाचौकांत इजिप्शियन दगडी स्तंभ उभे केले. संत पीटरसमोरचा स्तंभ १५८६ चा, लातेरानोचा १५८८ चा. आजच्या रोमच्या नकाशात यात्रेची वाट अशी कोरलेली आहे.

वाट

संत पीटरची सध्याची इमारत १५०६ मध्ये सुरू होऊन १६२६ मध्ये अर्पण झाली. इथे सुरक्षा तपासणीची रांग लांब असते, म्हणून पहाटे पोहोचावे. आत संत पीटरचा काळसर कांस्य पुतळा आहे. शतकानुशतके हात आणि ओठ लागून त्याचा उजवा पाय इतका झिजला आहे की बोटे वेगळी ओळखूच येत नाहीत, नुसता गुळगुळीत धातू उरला आहे.

तिथून टायबर नदीच्या काठाने बरेच चालल्यावर संत पॉलचे चर्च येते. चौथ्या शतकातली ही वास्तू जुलै १८२३ मध्ये छताच्या दुरुस्तीदरम्यान लागलेल्या आगीत जवळजवळ संपली. पुन्हा बांधताना मदत दूरदूरहून आली. रशियाच्या झारने मॅलाकाइट हा हिरवा दगड दिला, इजिप्तचा शासक मोहम्मद अली याने अ‍ॅलाबास्टर या दुधी दगडाचे खांब पाठवले. १८५४ मध्ये ती पुन्हा अर्पण झाली. पुढच्या रस्त्याचे नावच ‘व्हिया देल्ले सेत्ते क्येसे’ आहे. तो प्राचीन आप्पिया मार्गाजवळच्या सान सेबास्तियानोकडे नेतो. इथल्या खोलगट जागेला लोक ‘आद काताकुम्बास’ म्हणत. ‘कॅटाकोम’ हा शब्द या एका जागेवरून साऱ्या भुयारी दफनभूमींना लागला.

लातेरानो हे रोमचे कॅथेड्रल. पोप हे रोमचे बिशप आणि त्यांचे आसन इथे आहे, संत पीटरमध्ये नव्हे. पुष्कळ पर्यटकांना हे ठाऊक नसते. मधल्या दारांच्या कांस्य फळ्या प्राचीन रोमच्या सिनेटगृहातून आणलेल्या आहेत. समोरच्या इमारतीत ‘स्काला सान्ता’, पवित्र जिना. २८ पायऱ्या. येशूला रोमन सुभेदार पिलात याच्याकडे नेले तेव्हा तो याच पायऱ्या चढला अशी श्रद्धा आहे, म्हणून त्या गुडघ्यांवरच चढायच्या. झिजू नये म्हणून १७२३ मध्ये संगमरवरावर लाकूड बसवले गेले. २०१९ मध्ये दुरुस्तीनंतर सुमारे दोन महिने ते काढलेले होते. तेव्हा खालचा दगड दिसला: गुडघ्यांवर चढणाऱ्यांच्या बुटांची टोके टेकून टेकून प्रत्येक पायरीत खोल खळगे पडलेले. फटींत यात्रेकरूंनी सोडलेल्या चिठ्ठ्या आणि नाणी होती. साऱ्या यात्रेत माणसांचा इतका थेट माग दुसरीकडे कुठे दिसत नाही.

सान्ता क्रोचे तिथून जवळच आहे. सम्राट कॉन्स्टन्टाइनची आई हेलेना हिच्या महालाच्या जागी ते उभे राहिले, आणि तिने जेरुसलेमहून आणलेले मानले जाणारे क्रुसाचे तुकडे तिथे ठेवलेले आहेत. सान लोरेन्झोवर १९ जुलै १९४३ च्या बॉम्बहल्ल्यात मोठा आघात झाला. जुन्याच तुकड्यांतून ते पुन्हा उभे केले गेले. पर्यटक इथे कमी, शांतता मात्र भरपूर.

शेवटचे सान्ता मारिया माज्जोरे. पाचव्या शतकातली मोझॅक चित्रे अजून जागेवर आहेत. ऐन उन्हाळ्यात टेकडीवर बर्फ पडून चर्चची जागा दाखवली गेली, अशी आख्यायिका आहे. तिच्या स्मरणार्थ दर ५ ऑगस्टला छतातून पांढऱ्या पाकळ्यांचा वर्षाव होतो. पोप फ्रान्सिस प्रत्येक परदेश दौऱ्याआधी आणि नंतर इथल्या मरियेच्या चित्रापुढे प्रार्थनेला येत. २६ एप्रिल २०२५ रोजी त्यांचे दफनही इथेच झाले. साध्या दगडावर एकच शब्द आहे: फ्रान्सिस्कुस.

आजची पद्धत

नेरी ज्या चर्चमध्ये चिरविश्रांती घेत आहेत, त्या क्येझा नुओव्हातून त्यांच्या मंडळाचे धर्मगुरू वर्षातून दोनदा, मे आणि सप्टेंबरमध्ये, रात्रीची पायी यात्रा काढतात. २००० च्या जुबिलीत अधिकृत यादीत सान सेबास्तियानोऐवजी शहराबाहेरचे दिव्य प्रेमाचे तीर्थस्थान आले, तरी चालणारे जुनी वाट सोडत नाहीत.

सातही ठिकाणी प्रवेश विनामूल्य आहे. खांदे आणि गुडघे झाकलेले असावेत. मिस्सा (मुख्य उपासना) चालू असेल तेव्हा मागे थांबावे, फोटो काढू नयेत. लहान चर्च दुपारी बंद असतात. अंधाऱ्या कोनाड्यातल्या चित्रापाशी नाणे टाकायची पेटी असेल तर सुटे युरो जवळ ठेवावेत: नाणे पडले की दिवा लागतो, थोड्या वेळाने आपोआप विझतो.

गोव्याशी धागा

१२ मार्च १६२२ रोजी नेरींना संतपद मिळाले, त्याच सोहळ्यात फ्रान्सिस झेवियर यांनाही मिळाले. क्येझा नुओव्हाच्याच रस्त्याने पूर्वेला गेले की इल जेझू हे येशूसंघाचे (जेझुइटांचे) चर्च लागते. तिथल्या उजव्या वेदीवर काचेमागे झेवियर यांचा उजवा हात आहे. १६१४ मध्ये तो गोव्यात देहापासून वेगळा करून रोमला आणला गेला. देहाचा बहुतेक भाग जुन्या गोव्याच्या बॉम जेझूस बॅसिलिकेत आहे. तिथे ‘गोंयच्या सायबा’च्या, म्हणजे झेवियर यांच्या, फेस्ताला, ३ डिसेंबरला, माणसे अजूनही गावोगावाहून चालत येतात.