रीफ टँकमधला तपकिरी थर: डायटम की डायनो?

रीफ टँकमध्ये, म्हणजे जिवंत प्रवाळांच्या खाऱ्या पाण्याच्या मत्स्यालयात, पांढऱ्या वाळूवर तपकिरी डाग दिसले की हात आपोआप सायफनच्या नळीकडे जातो. जरा थांबा. थर डायटम या एकपेशीय शैवालाचा असेल तर साफसफाईने काही बिघडत नाही. पण तो डायनोफ्लॅजेलेट या एकपेशीय सूक्ष्मजीवाचा, म्हणजे रीफवाल्यांच्या भाषेत ‘डायनो’चा असेल, तर पाणी जितकं स्वच्छ कराल तितका तो माजतो.

डायटम हे नव्या टँकचं दुखणं. त्यांच्या पेशीला सिलिकाचं कवच असतं, त्यामुळे पाण्यात सिलिकेट आहे तोवरच त्यांची चलती. थर पिठीसारखा बसतो, बोट फिरवलं की धुरासारखा उडतो, गोगलगायी तो आवडीने खातात. काही आठवड्यांत तो आपणहून ओसरतो. जुन्या टँकमध्ये पुन्हा आला तर आरओ-डीआयचं (आरओनंतर डीआय रेझिनमधून नेऊन क्षारमुक्त केलेलं) पाणी तपासा. डीआय रेझिन संपत आलं की सिलिका सगळ्यात आधी निसटते, आणि विरघळलेले क्षार मोजणारा टीडीएस मीटर मात्र तेव्हाही शून्यच दाखवत असतो. रेझिन बदला, विषय संपला.

डायनोचं तसं नाही. तो चिकट, शेंबडासारखा असतो. खडकांवरून आणि प्रवाळांवरून त्याचे धागे लोंबतात आणि धाग्यांच्या टोकांना ऑक्सिजनचे बुडबुडे अडकलेले दिसतात. सकाळी दिवे लागताना वाळू बरीच स्वच्छ असते, दुपारपर्यंत पुन्हा तपकिरी. गोगलगायी सुस्तावून उलट्या पडू लागल्या तर संशय आणखी बळावतो, कारण काही डायनो विषारी असतात.

तरी नुसत्या नजरेवर विसंबू नका. थोडा थर बाटलीत घ्या, जोरात हलवा, कॉफीच्या फिल्टर पेपरमधून गाळा आणि गाळलेलं पाणी दिव्याखाली ठेवा. तासाभरात त्याचे पुन्हा धागे, पुंजके जमले तर डायनो समजा. माझा खरा भरवसा मात्र मायक्रोस्कोपवर. ४०० पट मोठं करून पाहिलं की डायटम काचेच्या काडीसारखे किंवा होडीसारखे दिसतात, स्थिर किंवा सावकाश सरकणारे. ऑस्ट्रिओप्सिस हा डायनो थेंबाच्या आकाराचा, निमुळत्या टोकावर खिळल्यासारखा गरगर फिरतो. अँफिडिनियम लंबगोल, पुढे चोचीसारखं टोक. एकदा पाहिलेत की पुन्हा गल्लत होत नाही.

माझी झाली होती, ती मायक्रोस्कोप घेण्याआधी. डायटम समजून मी दर दोन दिवसांनी पाणी बदललं, फॉस्फेट शोषणारं जीएफओ वाढवलं. नायट्रेट आणि फॉस्फेट दोन्ही शून्यावर आले आणि आठवड्याभरात प्रवाळांच्या फांद्या धाग्यांनी झाकल्या गेल्या. पोषणद्रव्यं संपली की डायनोशी जागेसाठी झगडणारे बाकीचे सूक्ष्मजीव आधी उपाशी मरतात, आणि मोकळी झालेली जागा डायनो बळकावतो.

म्हणून उपाय उलटा. जीएफओ काढा, पाणी बदलणं थांबवा, खाद्य वाढवा. गरज पडली तर नायट्रेट आणि फॉस्फेट बाहेरून घाला. नायट्रेट ५ ते १० पीपीएम आणि फॉस्फेट ०.०५ ते ०.१ पीपीएमच्या आसपास टिकवायचं. सुरुवातीला फॉस्फेट रोज मोजा, खडक ते भराभर शोषून घेतात. ऑस्ट्रिओप्सिस रात्री पाण्यात तरंगायला लागतो, त्यामुळे त्याच्यावर यूव्ही (टँकचं पाणी ज्याच्या अतिनील प्रकाशातून फिरवतात तो दिवा) चांगला चालतो. अँफिडिनियम वाळूतच दडून बसतो, तिथे यूव्हीवर केलेला खर्च वाया. तीन दिवस दिवे बंद ठेवल्याने थर विरतो खरा, पण पोषण सुधारलं नसेल तर परत येतो. सरसकट मारणाऱ्या औषधांपासून मी लांबच राहतो: प्रवाळांच्या पेशींत राहून त्यांना अन्न पुरवणारे झूझँथेलीसुद्धा डायनोफ्लॅजेलेटच आहेत.

आणि हातमोजे घाला. २००५ साली इटलीतल्या जिनोआच्या किनाऱ्यावर ऑस्ट्रिओप्सिस फोफावला, तेव्हा समुद्राच्या हवेने सुमारे २०० जणांना दवाखाना गाठावा लागला होता.

अँफिडिनियमवर माझ्या टँकमध्ये शेवटी लागू पडलं ते मुद्दाम घातलेलं सिलिकेट. त्याने डायटम वाढतात आणि वाळूवरची जागा डायनोकडून हिसकावून घेतात. दोन आठवड्यांनी वाळू पुन्हा तपकिरी झाली, पण बोट लावलं तर थर धुरासारखा उडाला. त्या दिवशी मी सायफनला हात लावला नाही.