आग मिरचीची, खाज गाजरगवताची

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, ताई जळगावला माहेरी आली, सोबत कॉलेजात जाणारी भाची. पोरीचे गाल लालबुंद. आईनं "काय व्हयनं वं?" विचारलं, तर म्हणे, "आजी, ॲलर्जी आहे." मग मोबाइल माझ्यापुढे धरला. एका वेबसाइटवर आपल्याला कशाकशाची ॲलर्जी आहे ते भरायचं, क्रीमच्या डबीवरची घटकांची यादी टाकायची, की ती दोन्ही जुळवून सांगते. "बघ ना मामा, सगळं हिरवं, म्हणजे निर्धोक दाखवतंय, तरी तोंडाची आग आग होतेय."

वेबसाइट खोटं बोलत नव्हती. पोरीला ॲलर्जी नव्हतीच.

काही लावलं आणि कातडी बिघडली की आपण सरसकट ॲलर्जी म्हणतो. त्यातलं बरंचसं नुसतं पोळणं असतं. डॉक्टर त्याला इरिटेशन म्हणतात. फरक समजायला खानदेशाबाहेर जायला नको. नंदुरबारकडे मिरचीचे देठ खुडणाऱ्या बाईचे हात संध्याकाळी भगभगतात. तिचेच नाही, तिथे बसेल त्याचे. किलोभर खुडल्या तर कमी, पोतंभर खुडल्या तर जास्त. याला कुणी मिरचीची ॲलर्जी म्हणत नाही. आता कपाशीतलं गाजरगवत उपटायला दहा माणसं लावा. नऊ जणांना काही होत नाही. दहाव्याच्या पापण्या, मान, कोपराच्या आतल्या घड्या खाजून सुजतात. तोही कदाचित वर्षानुवर्षं हेच गवत उपटत आलेला असतो. मधेच कधीतरी त्याच्या शरीरानं त्या गवतावर डूख धरला. त्यानंतर थोडा स्पर्शही पुरतो, आणि पुरळ बहुधा लगेच उठत नाही, एक-दोन दिवसांनी उठतं.

म्हणजे पोळण्यात प्रश्न किती लावलं याचा, ॲलर्जीत काय लावलं याचा. वेबसाइटला फक्त नावं वाचता येतात. यादीत प्रमाण सहसा छापलेलं नसतं. आपल्याकडच्या 2020 च्या सौंदर्यप्रसाधन नियमांप्रमाणे एक टक्क्याहून जास्त असलेले घटक उतरत्या क्रमानं लिहितात, त्याखालचे कसेही. कातडीचा वरचा थर सोलणारं ग्लायकोलिक ॲसिड पाच टक्के आहे की दहा, हे यादीवरून कसं कळणार? आणि भाचीनं तर एकाच रात्री दोन ॲसिडं आणि वर रेटिनॉल, म्हणजे अ जीवनसत्त्वाचं तिखट रूप, चोपडलं होतं. बाहेर मे महिन्यातलं जळगावचं ऊन. पंधरा दिवस सगळं बंद, साधं मॉइश्चरायझर तेवढं लावायचं ठरलं आणि गाल निवले.

नावांच्या कामात मात्र ही साधनं खरंच उपयोगी पडतात, कारण एकाच गोष्टीची सोंगं फार. फॉर्मल्डिहाइडची ॲलर्जी असलेल्याला डबीवर तो शब्द दिसेलच असं नाही. दिसेल डीएमडीएम हायडँटॉइन किंवा क्वाटर्नियम-15, आणि त्यातून फॉर्मल्डिहाइड हळूहळू सुटत राहतं. वेबसाइट पारखायची माझी रीत सोपी आहे. ॲलर्जीत 'फॉर्मल्डिहाइड' भरायचं, घटकांत 'डीएमडीएम हायडँटॉइन' टाकायचं. हिरवं आलं तर ती वेबसाइट मिटून टाकायची. चांगलं साधनही 'फ्रॅग्रन्स' या शब्दापाशी अडतंच, कारण त्या एका शब्दाआड डझनावारी सुगंधी द्रव्यं दडलेली असू शकतात. तीस ग्रॅमच्या आतल्या क्रीमवर तर यादी छापायची सक्तीच नाही, तिथे टाकणार काय?

मुळात आपल्याला नडणाऱ्या द्रव्याचं नाव कोणतं, हे अंदाजानं भरून चालत नाही. त्यासाठी त्वचारोगतज्ज्ञ पॅच टेस्ट करतात: पाठीवर संशयित द्रव्यांच्या पट्ट्या चिकटवायच्या, 48 तासांनी काढून पाहायचं, पुन्हा एक-दोन दिवसांनी पाहायचं. पाठ भिजलेली, घामेजलेली चालत नाही, म्हणून आपल्याकडे ही टेस्ट हिवाळ्यात केलेली बरी.

ताई हे सगळं ऐकत होती. मग हळूच म्हणाली, "भाऊ, डाय लावला की दोन दिवसांनी माझ्या पापण्या सुजतात. पण ते उन्हानं, ना? सहा वर्षं तोच डाय लावतेय मी."

डब्बी मागवली. घटकांत पॅरा-फेनिलिनडायअमिन होतंच, केसांच्या डायमधलं ॲलर्जीचं सगळ्यात ओळखीचं कारण. काळ्या मेंदीतही तेच मिसळतात. त्या वेबसाइटची गरज लेकीला नाही, आईला होती.